रोज एक जानेवारी

माझ्याकडे जुना कॉम्प्युटर आहे आणि तो अजून चालतो हे कळलं, की लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर हसतात, नाहीतर स्वतःचा जुना कॉम्प्युटर माळ्यावरून काढून सल्ला विचारायला येतात. ही दुसरी माणसं मला फार आवडतात. त्यांना मी बसवते, चहा करते आणि सुरू होते. चहा संपतो, माझे सल्ले संपत नाहीत.

मी पत्रिका करते. भांडुपला, सातव्या मजल्यावर, बेडरूमच्या कोपऱ्यात. 'शुभविवाह' करते, 'मंगल परिणय' करते, वास्तुशांती, बारसं, पुण्यानुमोदन, जे येईल ते. एकदा आमच्याच बौद्ध समाजाच्या मंगल परिणयाच्या पत्रिकेवर आदल्या गिऱ्हाइकाचा गणपती तसाच राहिला होता. मुलीच्या वडिलांनी पत्रिका माझ्यासमोर धरली आणि गणपतीवर बोट ठेवलं. तरीही पंचवीस वर्षं टिकून आहे, याचं श्रेय मी माझ्या मराठी फॉन्टना देते. ते देखणे आहेत, पण फक्त जुन्या सिस्टिमवर चालतात. नव्या मशीनवर उघडले, की 'चिमुकल्यांची किलबिल' या ओळीच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि उद्गारचिन्हं यांचा काला दिसतो. म्हणून मी अजून त्याच सिस्टिमवर आहे, जिच्या पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ असायचं. बनवणाऱ्यांनी तिच्याकडे बघणं सोडून बरीच वर्षं झाली. मी सोडलेलं नाही. जित्याची खोड.

माझे सल्ले साधे आहेत. बटण दाबल्यावर लगेच माउसला हात लावू नका. वाळूचं घड्याळ जाईपर्यंत भाजी चिरा. मग पडद्यावर मोकळ्या जागी उजवं क्लिक करून तीनदा रिफ्रेश करा. त्याने काहीही होत नाही, हे मला माझ्या मुलीने पुराव्यानिशी समजावलं आहे, पण न करता काम सुरू केलं की मला चप्पल उलटी पडल्यासारखं वाटतं. इंटरनेटची वायर कायमची काढून ठेवा. म्हाताऱ्या माणसाला गर्दीत नेऊ नये, तसंच हे. मशीन सुरूच होईना आणि आतून लांब बीप येऊ लागला, तर डबा उघडा, मेमरीची पट्टी काढा आणि तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरने घासा. खोडरबर पांढरा हवा, सुगंधी नको. यावर हसणाऱ्या किमान चार माणसांची मशीनं मी खोडरबरने उठवून बसवली आहेत.

सगळ्यात महत्त्वाचा सल्ला म्हणजे एका कामाला एकच फाइल, तिला एकच नाव. लोक 'फायनल', 'फायनल दोन', 'खरी फायनल' अशा फायली करतात आणि मग चुकीची पत्रिका छापतात. मी तसं करत नाही. पेन ड्राइव्हवर एक कॉपी, मशीनवर एक कॉपी, दोन्हींचं नाव तेच. मशीन विचारतं, 'याच नावाची फाइल इथे आहे, ती काढून ही ठेवू का?' आणि दोन्हींच्या तारखा दाखवतं. नंतरची तारीख ज्या फाइलची, ती ठेवायची. यात चूक होऊच शकत नाही, असं मी सांगत असे.

आता एक गोष्ट मी कुणाला सांगत नसे. मशीनच्या आत एक गोल, चपटा सेल असतो. मशीन बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. माझ्याकडचा तो सेल कधीच मेला होता. त्यामुळे मेन स्विच बंद करून सकाळी परत लावला, की मशीन एफ वन दाबायला लावायचं आणि मग दोन हजार दोन सालची एक जानेवारी, रात्रीचे बारा, इथून नवा दिवस सुरू करायचं. मुलगी म्हणायची, "मम्मी, यार, साधा सेल आहे. पाच मिनिटांचं काम." मी म्हणायचे, "राहू दे गं. त्यात मी तरुण आहे." विनोद मला इतका आवडला होता, की तेवढ्यासाठी मी सेल बदलला नाही. रोज एक जानेवारी. एफ वनच्या बटणावरचं अक्षर पुसून गेलं.

आईच्या पंचाहत्तरीला तिच्या आठवणींची पुस्तिका काढायची, ही कल्पना माझीच. आई महापालिकेच्या शाळेत शिपाई होती. लिहायला-वाचायला ती तिशीनंतर शिकली, रात्रीच्या वर्गात, आणि अजून ओळीखाली बोट ठेवून वाचते. ती सांगायची आणि मी टाइप करायचे. पहिल्या वेळी तिने जे सांगितलं ते मी तसंच्या तसं घेतलं. दिवस दिवस बसलो. एका दिवशी तर सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत, मध्ये फक्त पिठलं-भात. त्या दिवशी संध्याकाळी पहिला मसुदा पुरा झाला आणि मी तो पेन ड्राइव्हवरही घेतला.

मग मी तो दुरुस्त करायला बसले. दुरुस्त हा माझा शब्द. त्यात आठ पानं अशी होती, ज्यात आई गावाहून मुंबईला आल्यावर मुलुंडच्या इमारतींवर घमेली उचलत होती. मुकादमाच्या शिव्या होत्या. आईने त्याला दिलेल्या शिव्या जास्त चांगल्या होत्या. आणि दोन कच्च्या खांबांना लुगडं बांधून केलेली झोळी होती, जिच्यात सहा महिन्यांची पोर निजायची आणि सिमेंट उडून तिच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. ती पोर म्हणजे मी.

त्याच सुमारास माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. होणाऱ्या विहीणबाई मुलुंडच्याच. दोन लिफ्टची इमारत, खाली रजिस्टरमध्ये नाव लिहायला लागतं. पंचाहत्तरीला ते सगळे येणार होते आणि पुस्तिका त्यांच्या हातात पडणार होती. मी ती आठ पानं काढली. स्वतःला सांगितलं, की ओघ तुटतो, पुस्तिका आटोपशीर हवी, चाळीस पानं बरी. शाळेतल्या नोकरीपासून सुरुवात केली. हे काम दोन तासांत झालं, कापायला फार वेळ लागत नाही. आईला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "झालं?" मी म्हटलं, "झालं." ती उठून दूध तापवायला गेली.

प्रेसला फाइल द्यायच्या दिवशी मशीन सुरू होईना. लांब बीप. मी खोडरबर काढला, घासलं, मशीन उठलं. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मशीनवरची फाइल खराब झाली असली तर? पेन ड्राइव्ह लावला. दुरुस्त फाइल त्यावर घेतली होती असं मला अगदी पक्कं आठवत होतं. घेतली नव्हती, हे नंतर कळलं. पेन ड्राइव्हवरची फाइल मशीनवर टाकायला गेले, तेव्हा मशीनने नेमानुसार विचारलं आणि तारखा दाखवल्या. दोन्हीकडे एक जानेवारी. पण मशीनवरच्या फाइलची वेळ रात्रीचे दोन, आणि पेन ड्राइव्हवरच्या फाइलची सकाळचे नऊ.

नऊ म्हणजे नंतरची, असं मी माझ्याच नियमाने ठरवलं, 'हो' दाबलं आणि तीच फाइल प्रेसला दिली.

माझ्या मशीनमध्ये घड्याळ म्हणजे स्विच लावल्यापासून किती तास झाले एवढंच होतं. नऊ ही वेळ त्या लांबलचक दिवसाची होती, पिठलं-भाताच्या दिवसाची. दोन ही वेळ कापाकापीची. सेल मेलेला आहे हे जगात फक्त मला आणि मुलीला माहीत होतं, आणि तरी मी घड्याळावर विश्वास ठेवला. असा धडा शिकायला बाहेरचा माणूस लागत नाही, मी एकटी पुरेशी आहे.

दुपारी प्रेसवाल्यांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही चाळीस पानं म्हणाला होतात. इथे अठ्ठेचाळीस होतायत."

"कव्हर आणि कोरी पानं धरून मोजत असाल," मी म्हटलं.

"नाही हो, मॅडम, कव्हर वेगळं."

"मी पंचवीस वर्षं हे काम करते. तुम्ही छापा." आणि फोन ठेवला. माझ्या आवाजात एवढा अधिकार होता, की त्या बिचाऱ्याने छापलं.

गठ्ठे पंचाहत्तरीच्या सकाळीच थेट विहारात आले. मी कव्हर बघितलं, आईचा फोटो सरळ आहे ना ते बघितलं, आणि वाटायला दिले. वंदना झाली, भाषणं झाली, पुलाव सुरू झाला. मी विहीणबाईंच्या शेजारी पाणी घेऊन गेले, तेव्हा त्यांच्या मांडीवर पुस्तिका उघडी होती. मी सहज डोकावले आणि मला 'घमेलं' हा शब्द दिसला. वाट लागली, एवढंच डोक्यात आलं. पुस्तिका त्यांच्या हातातून ओढून घ्यायची काही सभ्य पद्धत आहे का, याचा मी खरोखर विचार केला.

त्यांनी वर बघितलं. "ही झोळीतली मुलगी कोण? तुमची बहीण?"

मी तोंड उघडायच्या आत आई काठी टेकत आली आणि शेजारच्या खुर्चीत बसली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हीच की. लई रडायची. मुकादम म्हनायचा, हिला खाली ठेवून ये, मी म्हनायची, तूच खाली जा."

विहीणबाई हसल्या. मग आईला तो मुकादम, ती इमारत, तो रस्ता, सगळं विचारू लागल्या. आई सांगू लागली, आणि मी पाण्याचा पेला हातात धरून उभी राहिले. निघताना त्यांनी आणखी दोन पुस्तिका मागून घेतल्या. बाकीच्यांनीही नेल्या. संध्याकाळपर्यंत एक प्रत उरली नाही.

घरी आल्यावर आई पलंगावर बसली, चष्मा काढला आणि म्हणाली, "ती पानं परत घातलीस. बरं केलंस."

मुलगी दारात उभी होती. तिने दोन आणि नऊचं माझ्याकडून ऐकून दुपारीच सगळा उलगडा केला होता आणि मला पुलावाच्या रांगेत कानात सांगितला होता. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "हं."

तो 'हं' मला आठ दिवस गिळता आला नाही. आई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, की माझ्या लेकीने एक शब्द गाळला नाही. मी ऐकायचे आणि बाथरूममध्ये जाऊन उगाच बादली भरायचे. आयुष्यात एवढं कौतुक मी कधी मिळवलं नव्हतं आणि ते एका मेलेल्या सेलच्या जिवावर.

मग पुस्तिकेची मागणी यायला लागली. परत छापायची वेळ आली, तेव्हा मी आईसमोर बसले आणि सांगितलं. सेल, घड्याळ, नऊ आणि दोन, सगळं. तिला त्यातलं यंत्राचं काही कळलं नसणार. बाकीचं कळलं.

तिने बोटाने चादरीचा एक धागा ओढून काढला. "म्हंजी तू काढलीच होतीस."

"हो."

"मला तवाच कळलं होतं. तू वाचत होतीस तवा. वाटलं, पोरीला लाज वाटती, र्‍हाऊ दे."

"वाटत होती," मी म्हटलं. "तुझी नाही गं. माझी. झोळीतल्या पोरीची." हे बोलले आणि मला रडू आलं. पन्नाशी उलटलेली बाई, आईसमोर बसून नाक पुसत होती.

आईने मला रडू दिलं. मग म्हणाली, "बरं, परत छापायलीस ना. आता मशीन काय न्हाय करायचं. आता तू सांग. ठेवायची का काढायची?"

दुसऱ्या दिवशी मुलीने सेल आणला आणि पाच मिनिटांत बसवला. मी तारीख नीट लावली, वेळ लावली. एफ वन दाबावं लागलं नाही, बोट मात्र सवयीने तिथे गेलं. फाइल उघडली. आई शेजारी स्टुलावर बसली होती.

"झोळीचं लुगडं हिरवं होतं, ते ऱ्हायलं," ती म्हणाली. "माझ्या लग्नातलं. लिही."

मी लिहिलं.