अनघाताईंचा काढा

अनघाच्या आईचा, म्हणजे काकूंचा, फोन सकाळी आला. "ये गो," एवढंच त्या म्हणाल्या आणि मी समजले, ती गेली. भाट्याचा पूल ओलांडून रिक्षा त्यांच्या दारात थांबेपर्यंत मनात एकच घोळत होतं... अनघाची परीक्षा राहिलीच.

अनघा आणि मी शाळेपासूनच्या मैत्रिणी. ती डॉक्टर झाली, मी इथेच शिक्षिका. चांगला चालता दवाखाना बंद करून ती फिनलंडला निघाली तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. तिथे स्वीडिश बोलणारे लोकही राहतात आणि त्यांचं वेगळं विद्यापीठ आहे, हे मला तिच्यामुळे कळलं. तिथल्या माध्यम विभागात ती पीएच.डी. करत होती. आजारी माणसाच्या घरचे लोक डॉक्टरांपेक्षा मोबाइलवरच्या व्हिडिओंवर विश्वास का ठेवतात, हा विषय. लोकांच्या घरी जाऊन बोलायचं म्हणून ती स्वीडिशही शिकली. "तिथल्या म्हाताऱ्या आपल्या आयांसारख्याच गो, फक्त गुळवेलीऐवजी कसल्याशा बेरी उकळतात," असं सांगून हसायची. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेआधी त्याची प्रत विद्यापीठाच्या भिंतीवर खिळ्याने ठोकायची, असा तिथला रिवाज. हातोडा घेतलेला तिचा फोटो आला, त्यात ती फार वाळलेली दिसली. पुढच्याच आठवड्यात पोटातला कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. विद्यापीठाने परीक्षा पुढे ढकलली आणि ती आईकडे आली.

काकूंनी कुठलासा व्हिडिओ बघून काढा सुरू केला. गुळवेल, कडुलिंब आणि आणखी काय काय. आता ही आईला चांगलं समजावणार म्हणून मी बघत होते, तर तिने पेला घेतला आणि नाक दाबून रिकामा केला.

काकू आत गेल्यावर मी चिडलेच. "तू पितेस हे? तू?"

"माझं आता याने सुधारणारही नाही नि बिघडणारही नाही," ती म्हणाली. "पण आईला काहीतरी करू दे ना. नुसती उशाशी बसून राहिली तर माझ्याआधी तीच जाईल..." मग म्हणाली, "हे माझ्या प्रबंधात कुठेच नाही बघ. परीक्षेत सांगेन."

ते सांगायचं राहिलं. मला त्याचा राग येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

परवा काकूंकडे गेले तर चुलीवर काढा उकळत होता. कुणासाठी, विचारलं.

"शेजारच्या सुमनसाठी गो. तिलाही तेच निघालंय. मुंबईस नेतायत ऑपरेशनला. म्हटलं, आधी हे घेऊन बघ. आमच्या अनघाने शेवटपर्यंत घेतलान. एवढी शिकलेली, उगाच घेतलान असता होय?"

ती तुमच्यासाठी प्यायची काकू, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या काढा गाळत होत्या, आणि इतक्या दिवसांत प्रथमच त्यांचे केस विंचरलेले होते. त्यांनी तांब्यावर वाटी झाकून तो माझ्याच हातात दिला, जाता जाता देऊन जा म्हणाल्या.

सुमन पडवीत बसली होती. मी म्हटलं, "ऑपरेशन पुढे ढकलू नकोस हो. याने काही होत नाही."

"हा महिना बघते," ती म्हणाली. "अनघाताई घ्यायच्या ना?"

मी तांब्या तिच्यापुढे ठेवला. घ्यायची, हे तर खरंच होतं.