समुद्रकाठचा जादा तास

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर नाकात जाईल. ही फजिती इतर कुणाची असती तर मीही मनसोक्त हसलो असतो. पण ती माझी आहे, म्हणून जरा जपून सांगतो.

मी लातूरचा. कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये क्लास सुरू केला, आता त्याच जागी लिफ्टवाली इमारत आहे. लातूरच्या मास्तराचं एक असतं बघा, चार माणसं रिकामी उभी दिसली की त्याला ती बॅच वाटते.

माझी एकुलती लेक केतकी. नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनियरिंग केलं, चेन्नईला नोकरी लागली, आणि एक दिवस तिचा फोन आला.

"पप्पा, नोकरी सोडावी म्हणून राहिले. समुद्रावर काइटसर्फिंग शिकवणार. पण तुम्ही हो म्हणल्याबिगर राजीनामा देणार न्हाई."

आता हे काइटसर्फिंग म्हणजे काय? पायाखाली फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला आभाळात खोलीएवढा पतंग. वारा पतंगाला ओढतो, पतंग तुम्हाला ओढतो, आणि तुम्ही पाण्यावरून सुसाट पळता. मी हे बायकोला समजावून सांगितलं.

ती म्हणाली, "आपल्या गावात नळाला पाणी न्हाई, अन् ही समुद्रात पतंग उडवणार? अहो, जावा अन् लेकीला घेऊनच या."

गेलो चेन्नईला. केतकीला गेल्या गेल्या सांगितलं, "एक दिवस मी स्वतः शिकून बघतो. पटलं तर हो, न्हाई तर राजीनाम्याचं नाव काढायचं न्हाई." तिनं मान्य केलं. चेहरा मात्र एवढासा झाला होता.

सुट्टीच्या दिवशी ती जिथं सराव करायची, त्या किनाऱ्यावर मला घेऊन आली आणि पतंगात हवा भरायला गेली. किनाऱ्यावर पाचसहा नवशिके वाऱ्याची वाट बघत नुसते उभे होते. नुसते उभे! मग काय, घेतली काठी, वाळूत पतंग काढला, बाण काढले, वाऱ्याचा जोर कुठल्या दिशेला लागतो ते शिकवायला सुरुवात केली. पोरं गोल करून बसली. हैदराबादच्या एकानं विचारलं, "सर, आप कब से सिखा रहे?"

"बाल काले थे तब से," मी म्हणालो. मी फिजिक्सचं सांगत होतो. त्याला वाटलं, पतंगाचं. तो पुढे सरकून बसला.

"सर, पानी में डर लगा तो क्या करना?"

दरवर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी जे सांगतो तेच तोंडातून निघालं. "कसके पकड़ना. कुछ भी हो, छोड़ना नहीं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात केतकी आली. मला पट्टा बांधला, हातात बार म्हणजे आडवा दांडा दिला. "पप्पा, नीट ऐका. बार जवळ ओढला की पतंगाचा जोर वाढतो. भ्या वाटलं की सरळ हात सोडायचे, जोर जातो. पतंग पट्ट्याला बांधलेला हाय, कुठं पळून जात न्हाई."

मीही मान डोलावली. मान डोलावणाऱ्याला काही कळलेलं नसतं, हे मी वर्गात रोज बघतो. पण आज मान माझी होती.

पाण्यात उभा राहिलो. पतंग डोक्यावर शांत होता, मीही शांत होतो. मग वाऱ्याचा झोत आला. मी घाबरून बार ओढला. पतंगानं मला ओढलं. मी आणखी घाबरलो, आणखी ओढला, त्यानं आणखी ओढलं. फळीबिळी काही नाही, पोटावर आडवा, तोंड उघडं, आणि अर्धा समुद्र आत.

मागून केतकी ओरडत होती, "पप्पा, सोडा!"

किनाऱ्यावरून माझी बॅच ओरडत होती, "सर, छोड़ना नहीं!"

सांगा, मास्तरानं कुणाचं ऐकावं? बॅचसमोर सोडायचं कसं? धरून ठेवला की हो मी. चष्मा गेला तरी बार सुटला नाही.

शेवटी केतकी पळत बाजूला आली. ओरडली नाही. मागच्या बाकावरच्या पोराला मी ज्या आवाजात सांगतो, त्याच आवाजात म्हणाली, "पप्पा, आता माझं ऐका. हात उघडा."

उघडले. पतंगाचा सगळा जोर गेला. मी उभा राहिलो तर पाणी गुडघ्याएवढं.

मग तिनं किनाऱ्यावरच्या माझ्या कोरड्या बॅचकडे वळून, भिजलेल्या माझंच उदाहरण देऊन सगळं समजावलं. कुठं चुकलं, का चुकलं, काय करायचं. कुणी मान डोलावली नाही, सगळे प्रश्न विचारत होते. माझ्या वर्गात असं क्वचित होतं. छाती भरून आली, आणि ती फक्त पाण्यानं नव्हे. ही पोरगी जन्मजात मास्तरीण आहे, हे मला बापाला आज कळत होतं.

"केतकी," मी म्हणालो, "दे राजीनामा. तुझ्या आईला मी सांगतो."

मी ओलाचिंब, तरी ती तशीच मला बिलगली. मी संधी साधली. "मग उद्या फळीवर उभं राहायला शिकव."

तिनं डोळे पुसले, मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"न्हाई पप्पा, तुमचं बेसिक कच्चं हाय. तुम्ही रिपीटर बॅचला बसा."