काचेच्या कोपऱ्यातला आठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पत्रकांतून तर नाहीच — आणि पत्रकं मी किती काढली, ते ओतूरच्या एसटी स्टँडच्या भिंतींना विचारा. एकूण एक पत्रकात ‘सत्य’ हा शब्द आहे.

डिंगोऱ्याच्या अण्णासाहेबांकडे अठ्ठावन्न सालची विलायती मोटार होती. गावातल्या वरातींना ती जायची. ताईच्या लग्नासाठी वडील ती मागायला गेले, तेव्हा ओसरीवर माणसं बसलेली. “तुमच्या वस्तीत गाडी न्यायची? काचंवर डाग पडंल राव,” अण्णासाहेब म्हणाले. सगळे हसले. वडीलही हसले — ते का हसले? मला तेच सहन झालं नाही.

काच. तो शब्द मी धरून ठेवला.

गाडी चालवायचे बबनमामा, आमच्याच वस्तीतले. मी ओतूरला मोटारीच्या काचा बसवायच्या दुकानात लागलो, तेव्हा काचेवरच्या खुणा वाचायला त्यांनीच शिकवलं. कोपऱ्यात कारखान्याचा छाप असतो, त्याखाली एक आकडा. तो सालाचा फक्त शेवटचा अंक. आठ म्हणजे अठ्ठावन्न की अडुसष्ट? ते छापावरून ओळखायचं — त्या कारखान्याचा जुना छाप गोल, नंतरचा चौकोनी. अण्णासाहेबांच्या गाडीवर गोल छाप आणि आठ. मामा तो फडक्याने पुसून दाखवायचे, पोराचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा.

काही वर्षांनी पुण्याहून गिऱ्हाईक आलं, जुन्या गाड्या जमवणारं. सगळं मूळचं असेल तरच घेणार होतं. ड्रायव्हर पडला मालकाचा माणूस, म्हणून काच पारखायला मला बोलावलं. मी वाकलो. गोल छाप. आठ. दिसलं नाही असं म्हणू? स्वच्छ दिसलं.

“अडुसष्टची आहे,” मी म्हणालो. “नंतर बसवलेली.”

काच बदलली म्हणजे गाडी कुठेतरी आपटली असणार, असं म्हणत गिऱ्हाईक निघून गेलं. अण्णासाहेबांचं तोंड उतरलं — त्याच ओसरीवर, चार माणसांदेखत. किती गोड वाटलं, सांगू?

मग ते मामांकडे वळले. “बबन, माझ्या माघारी कुठं आपटलीस?”

“न्हाई सायेब. काच मूळचीच हाय.”

“मग ह्यो खोटं बोलतोय व्हय?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. ‘हो’ म्हणाले असते तर — म्हणाले नाहीत. मी खाली मान घालून पिशवी आवरत राहिलो. दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढलं.

आणि मी काय केलं? पत्रक काढलं. ‘बबनरावांना न्याय द्या.’ अण्णासाहेबांची सगळी पापं त्यात, धार लावून. माझं तेवढं नव्हतं. मामा येडगावला मेहुण्याच्या पंक्चरच्या दुकानात बसायला लागले होते. तिथे जाऊन मी ते पत्रक त्यांच्या हातात दिलं — हो, तेही केलं.

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं.

“लई चांगलं लिव्हलंस,” ते म्हणाले. “छाप मातुर मी तुला नीट शिकवला व्हता.”

अण्णासाहेबांबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. ते उतरलेलं तोंड आठवलं की अजून बरं वाटतं. पण त्यांच्या मागे दर वेळी मामा उभे असतात, हातात फडकं घेऊन.

छाप गोल होता. काच अठ्ठावन्नचीच होती.