रविवारचं मटण आणि गोलकीपर

हॉकीच्या गोलकीपरची पायांची पॅड प्रत्येक मॅचनंतर उन्हात घालावी लागतात आणि दुपारी एकदा उलटी करावी लागतात, नाहीतर आतून असा वास मारतात की शेजारचे चौकशीला येतात. हे ज्ञान मला सातवीत असताना मिळालं. माझ्या वर्गातला एक मित्र तेव्हा गोलकीपर झाला. त्याचं घर त्यांच्या किराणा दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. आमची मंगळवार पेठेतली गच्ची मोकळी. 'दोन दिवस ठेवू काय?' म्हणून त्यानं आणलेली पॅड पंधरा वर्षं आमच्याकडं राहिली. मधे तीनदा पॅड बदलली, वास तोच राहिला, आणि उलटी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

त्यात हा हॉकी खेळणारा. आमच्या पेठेत फुटबॉलवाल्याला रस्त्यात थांबवून चहा पाजतात, हॉकीवाल्याला विचारतात, "काय पावणं, काठी घिऊन कुत्री हाकलायला निघालाय व्हय?" तो नुसता हसायचा. त्याला कशाचाच राग येत नसे, म्हणून दोघांच्या वाटचा मीच करायची.

तो गोलकीपर चांगला होता, पण एक खोड होती. समोरचा खेळाडू एकटा बॉल घेऊन आला की पुढं जाऊन त्याला अडवायचं सोडून हा गोलात पाय रोवून उभा. मी कट्ट्यावरून घसा फोडायची, "बाहेर ये की रे!" मॅच संपल्यावर म्हणायचा, "मला वाटलं, त्यो चुकंल." कुणी कधी चुकलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एक बॉल त्याच्या गळ्याखालच्या हाडावर बसला. मी त्याला माझ्या गाडीवर मागं बसवून दवाखान्यात नेलं. नर्सनं विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" मैत्रीण म्हणायला माझी जीभ वळेना. त्या क्षणी मला कळलं की लग्न करायचं तर याच्याशीच. त्यालाही कळलं असणार, कारण एवढ्या दुखण्यात तो कानापर्यंत लाल झाला. आणि मग? मग काही नाही. दोन वर्षं काही नाही! तूच का बोलली नाहीस, असं कुणीही विचारेल. पॅड मी उलटी करायची, राग मी करायचा, आणि हेही मीच करायचं?

इकडं घरात माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. एका संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते, तेव्हा हा आला, पाटावर बसला आणि माझ्या आईला म्हणाला, "काकी, हिच्यासाठी एक स्थळ हाय."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली.

"आमच्याच टीमातला हाय. बिद्रीला कारखान्यात कायम नोकरी. शेती हाय, चार म्हशी हायत. सुपारीचंबी व्यसन न्हाय. आन घरात दर रविवारी मटण असतंय."

आई खूश झाली. मटणाचा मुद्दा कशाला, हे मला तेव्हा समजलं नाही. मला समजलं ते एवढंच, की ज्याच्या तोंडून एक वाक्य ऐकायला मी दोन वर्षं थांबले, त्याला बोलायला सुचलं तेही दुसऱ्यासाठी. संतापाच्या भरात मी म्हणाले, "येऊ देत की. बघूया." संतापाच्या भरात मी जे जे म्हणते ते नंतर मलाच निस्तरावं लागतं. वडिलांनी त्याच रात्री सांगून टाकलं, मुलगा पसंत पडला तर लगेच सुपारी फोडायची.

रविवारी पाहुणे आले: मुलगा, त्याचे वडील, त्याची आत्या. आणि मध्यस्थ म्हणून हा, इस्त्रीचा शर्ट घालून. मी पोहे दिले आणि समोर बसले. प्रश्न सुरू झाले.

"सैपाक येतोय न्हवं?" आत्यांनी मला विचारलं.

"भाकरी एक नंबर करत्या," हा म्हणाला. "पैली तेवढी करपत्या."

"लांबच्या गावाला जायची सवय हाय का?"

"घाटात फुडच्या सीटवर बसवायला लागतंय. न्हायतर उलटी होत्या."

"राग येतोय का गं बाई?"

"लई येतोय," पुन्हा हाच. "पर चहा दिला की जातोय. साखर कमी घालायची."

मी एकदाही तोंड उघडलं नव्हतं. नवरा मुलगा मान खाली घालून पोहे खात होता. आत्या हात धुवायला मागं गच्चीकडं गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "हे काय वाळत घातलंय?"

"याची पॅड," मी म्हणाले. "हात लावू नका, अजून आतनं वली हायत. डाव्याचा पट्टा तुटाय आलाय."

आत्या परत येऊन बसल्या. त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पोह्यांची बशी बाजूला सारली.

"पोरा, एवढं सगळं तुला ठावं हाय, मग आमास्नी कशाला आणलंयस?"

तो जमिनीकडं बघत म्हणाला, "आत्या, आम्ही लिंगायत. आमच्या घरात अंडंबी चालत न्हाय. हिला रविवारी मटण लागतंय."

एवढंच! हे कारण होतं! दोन वर्षं! मला न विचारता यानं माझं मटण वाचवायचं ठरवलं होतं, आणि त्यासाठी हुडकून हुडकून चार म्हशींचं घर आणलं होतं. पाहुणे बसलेत, आई डोळे वटारतेय, कशाचं भान राहिलं नाही. मी ओरडले, "मटण मी हितं येऊन खाईन की! तुझ्या दुकानापासनं चार चौक तर हाय माझं माहेर! मला विचारलंस का एकदा तरी?"

तो जागेवरच उभा राहिला, गोलात राहायचा तसा. माझे डोळे भरून आले होते आणि त्याचाही मला रागच येत होता.

"बाहेर ये की रे," मी म्हणाले. आवाज फार मोठा निघाला नाही.

त्यानं माझ्या वडिलांकडं बघितलं. "काका, विचारू काय?"

"मला काय विचारतोस?" वडील म्हणाले. "तिला विचार."

तो माझ्यासमोर आला. घाम फुटला होता. म्हणाला, "रविवारी तू हितं जेवाय येशील, तवा मी बी येत जाऊ काय? मी भाकरी आन ठेचा खाईन."

नवऱ्या मुलानं मान वर केली आणि दुपारभरात पहिल्यांदाच बोलला, "व्हय म्हणा की ओ."

मी व्हय म्हणाले. मग सगळ्यांच्या देखत रडायला नको म्हणून गच्चीवर गेले. ऊन उतरायला लागलं होतं आणि पॅड उलटी करायची राहिली होती. मी एकाला हात घातला, तर दुसरं त्यानं आधीच उचललं होतं.