हप्ता की मुदत

उज्वला स्वस्थ बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. शिलाई मशीनवर बसायची तेवढीच, आणि तेव्हाही तिचा डावा पाय चालू असायचा. मशीनला मोटर बसवल्यापासून पाय मारायची गरज उरली नव्हती, तरी तो आपला हलतच राहायचा. योगेश म्हणायचा, "मोटर आहे, वर तुझा पाय आहे. उरलेली वीज बोर्डाला विकू या का?"

ती हसायची, पाय थांबायचा, आणि पुढच्या साडीला पुन्हा सुरू व्हायचा.

पाथर्डी फाट्याजवळच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. घराचं कर्ज वीस वर्षांचं. योगेश अंबडच्या एका कंपनीत पत्रा कापायच्या प्रेसवर होता. तो अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणार आणि कर्ज त्याच्या एकसष्टाव्या वर्षी संपणार. मधली तीन वर्षं हप्ता कुठून भरायचा? बाकी कुणाला हा प्रश्न आजचा वाटत नव्हता. उज्वलाला तो पायात मोडलेल्या काट्यासारखा होता. दिसत नव्हता, पण पाय टेकूही देत नव्हता.

तिचं माहेर सुरगाण्याकडचं. दिवाळी झाली की गावात जीप यायची आणि आई मालनबाई भांडी पोत्यात भरायची. पिंपळगावकडच्या द्राक्षबागेत पत्र्याची खोली मिळायची. त्या खोलीत चूल मांडायची, भिंतीला खिळा ठोकायचा, त्यावर कपडे टांगायचे. माल निघाला की मालक म्हणायचा, आता निघा, खोली रिकामी करा. शिमग्याला गावी परत. पुढच्या साली दुसरी बाग, दुसरी खोली. लहानपणी उज्वलाला सगळ्यांत वाईट वाटायचं ते खिळ्याचं. तो काढून न्यायचा की तिथेच ठेवायचा, हे आईला दरवर्षी विचारायचं असायचं, आणि दरवर्षी ते राहून जायचं.

त्यामुळे फ्लॅटची किल्ली हातात आली तेव्हा ती रडली-बिडली नाही. तिने योगेशला एवढंच विचारलं, "आता इथून आपल्याला कोण उठवू शकतं?"

तो गमतीने म्हणाला, "बँक."

तो विसरून गेला. ती विसरली नाही.

फॉल-पिकोला साड्या घेऊन येणारी एक बाई पतसंस्थेत कामाला होती. बोलता बोलता तिने सांगितलं, "कर्ज नवं असतं तोवर हप्त्यातलं बहुतेक व्याजच असतं. तेव्हा वरचे चार पैसे मुद्दलात टाकले, तर मागची वर्षंच्या वर्षं गळून पडतात." उज्वलाने द्राक्षाची छाटणी पाहिलेली होती. कात्री एवढीशी चालते आणि हातभर काडी खाली येते. तिला हिशेब कळला नाही, पण गोष्ट पटली.

तेव्हापासून दर शनिवारी फॉल-पिकोची कमाई ती योगेशच्या हातात ठेवायची. "मुद्दलात टाका." कर्ज त्याच्या पगाराच्या खात्याला जोडलेलं होतं. तो पैसे खात्यात भरायचा, फोनवरून बँकेला पाठवायचा आणि म्हणायचा, "झालं." कधी पाचशे, कधी हजार, लग्नसराईत त्याहून जास्त. नवी पर्स, माहेरच्या लग्नातला आहेर, गॅसची दुसरी टाकी, सगळं ती पुढे ढकलत गेली. प्रत्येक वेळी मनात म्हणायची, एक पान गळालं.

मधे योगेशचा ओव्हरटाइम कमी झाला. "कंपनीत ऑर्डरच नाहीत," तो म्हणाला. आधी रविवार सुटला, मग आठवड्यातले एकदोन दिवस. फर्स्ट शिफ्ट करून तो चारला घरी यायला लागला. घरी बसून करायचं काय, म्हणून एक दिवस त्याने सुई उचलली. फॉलची खालची कड मशीनवर जाते, वरची हाताने टाचावी लागते, साडीचा एकच धागा उचलत, पुढून दिसणार नाही असा. प्रेसवर सुताएवढा फरक डोळ्यांनी पकडणारा माणूस. त्याचे टाके उज्वलापेक्षा बारीक पडायचे. फक्त दार लोटून घ्यायचा. "बिल्डिंगीत कळलं तर मला ब्लाउजची मापं विचारायला येतील."

आणि मग त्या बुधवारी ती बँकेत गेली. लग्नसराईची कमाई बरी झाली होती, योगेश शिफ्टला होता, आणि किती वर्षं गळाली हे तिला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. काउंटरवरच्या मॅडमने खातं उघडलं.

"मुदत तर तेवढीच आहे, ताई. हप्ता मात्र छान खाली आलाय."

"खाली म्हणजे?"

"वरचे पैसे भरले की विचारलं जातं, हप्ता कमी करायचा की मुदत. तुमच्याकडून दर वेळी हप्ता निवडलाय. बरेच जण तसंच करतात. महिन्याला जरा मोकळं वाटतं."

"बरेच जण," उज्वला म्हणाली. आणलेले पैसे तिने भरले नाहीत.

घरापर्यंत ती चालत आली. रिक्षा करावी, बस घ्यावी, असं काही सुचलंच नाही. तीन वर्षं ती धावत होती आणि एकसष्ट तिथेच उभं होतं, जरासुद्धा न हलता.

योगेश आला तेव्हा ती भांडी घासत होती. घासलेलीच.

"हप्ता का कमी केला?"

त्याने बूट काढले, मोजे काढले. मग म्हणाला, "बँकेत गेली होतीस?"

"मी विचारलं ते सांगा."

"जेवढा हप्ता उतरला, तेवढे तास मी ओव्हरटाइम सोडला. एक रुपया इकडचा तिकडे केलेला नाही."

"म्हणजे ऑर्डरी होत्या."

"होत्या."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

उज्वलाने नळ बंद केला. खोटं बोलायला तिला वेळ होता, पण ती बोलली नाही. "म्हणाले असते, अजून थोडे दिवस काढा."

"बारा बारा तास उभा राहत होतो मी. जिना चढताना कठड्याला धरून थांबायचो. तुला वाटायचं, मी फोन बघतोय." त्याने मोजे बुटांत कोंबले. "तुला पुढची तीन वर्षं दिसतात गं. मला संध्याकाळ दिसायची."

दुसऱ्या दिवसापासून तिने साड्या त्याच्यासमोर ठेवणं बंद केलं. तो चारला यायचा, सुईच्या डबीकडे बघायचा. ती साडी उचलून आतल्या खोलीत जायची. सगळं एकटीने करायचं ठरवलं होतं तिने. फॉल भिजवायचे, वाळवायचे, इस्त्री, मशीन, हातशिलाई. जेवताना उठायची, भात ताटात गार व्हायचा. योगेश म्हणाला, "माझ्यावर राग आहे ना? मग भातावर कशाला काढतेस?" तिने भात तसाच झाकून ठेवला.

शनिवारी वरच्या मजल्यावरच्या सुमनबाई आल्या.

"अगं, माझ्या पुतणीचं लग्न याच वर्षी आहे ना? का पुढच्या साली नेसू साडी?"

"झाल्यात काकू, दोन झाल्यात. तिसरी उद्या देते."

सुमनबाईंनी साडी उलगडली, काठ उलटा केला, चष्मा वर सरकवला. "या वेळी टाके मोठे पडले गं तुझे. पुढून दिसतायत. आधी किती बारीक असायचं काम. मी चार जणींना पाठवलं ना तुझ्याकडे, ते टाक्यांसाठीच."

त्या गेल्यावर उज्वलाने आठवड्याचे पैसे हातात घेतले. मोजायची गरज नव्हती, गड्डी हातालाच कळली. गेली दोन वर्षं दर शनिवारी ती जे "मुद्दलात टाका" म्हणत होती, त्यातलं निम्मं योगेशच्या सुईतून, त्याने सोडलेल्या तासांमधून आलं होतं. तो कंपनीत उभा राहिला असता तर ते पैसे आलेच नसते. तरीही एकसष्ट एकसष्टच होतं. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नव्हत्या. राग कुठल्या बाजूला ठेवावा, तेच तिला कळेना. ती गॅलरीत गेली, वाळलेले फॉल काढले, पुन्हा आत आली, पुन्हा बाहेर गेली.

योगेश आला तो दारातूनच म्हणाला, "सुपरवायझरला सांगून आलो. सोमवारपासून रोज ओव्हरटाइम. हप्ता परत वाढवून घेऊ. अठ्ठावन्नला संपेल तुझं कर्ज."

"माझं?"

"बरं, आपलं."

त्याने खाली वाकून मोजे काढले. घोट्यावर मोज्याच्या रबराचा वळ खोल रुतला होता. असा वळ रोज उमटत असणार. तिने तो आज पाहिला, कारण आज ती त्याच्यासमोर उभी होती.

हवं होतं तेच तो देत होता. फक्त हो म्हणायचं होतं. हो तिच्या जिभेवर आलंसुद्धा.

"त्यांना नाही म्हणून सांगा," ती म्हणाली.

"मग?"

"हप्ता राहू दे आहे तेवढाच. गेलं ते गेलं. पण इथून पुढे जे भरू, ते मुदतीत. आणि भरायला मी येणार, बटण मी दाबणार."

"दाब की. माझा फोनच ठेव."

"फोन नको. सुई घ्या. सुमनकाकूंची तिसरी राहिलीय."

सोमवारी तो पहिल्या शिफ्टवरून अर्धा दिवस काढून आला आणि दोघं बँकेत गेले. मॅडमने अर्ज दिला, दोघांच्या सह्या घेतल्या, मग खात्यात बघून सांगितलं, "सध्या भरताय तसंच भरत राहिलात, तर साठाव्या वर्षी संपेल. थोडंफार इकडेतिकडे."

साठ. अठ्ठावन्न नाही. उज्वला खुर्चीच्या कडेला बसली होती, तिचा पाय टेबलाखाली हलत होता. दोन वर्षं उघडी राहत होती.

"आणि मॅडम, आठवड्याला जरा जास्त भरले तर?"

"किती जास्त?" मॅडमने बोटं कीबोर्डवर ठेवली.

उज्वलाने योगेशकडे पाहिलं. तो अंगठ्याने तर्जनीचं टोक चोळत होता, सुई टोचून टोचून घट्टे पडलेलं.

तिने तोंडात आलेला आकडा गिळला आणि निम्मा सांगितला.