आतोबांची रेघ

माझ्या आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, अख्ख्या तंजावरची माणसं आतून पाहिली होती, त्यामुळे बाहेरून ती ओळखण्याची तसदी त्यांनी कधी घेतली नाही. जन्मभर त्यांनी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे एकोच, केली. बाजारात कुणी नमस्कार केला की ते कोऱ्या चेहऱ्याने बघत. त्याने आपल्या झडपेचं दुखणं सांगितलं की मात्र घरच्यांची विचारपूस सुरू. एकदा पापनाशमच्या बसमध्ये त्यांनी सख्ख्या व्याह्यांना ओळखलं नाही. कारण काय, तर "त्यांनी कधी एको काढोन घेतलाच नाही."

निवृत्तीनंतर मी त्यांना कामाला जुंपलं. आमच्या मेडिकल कॉलेजात हृदयाची चित्रं वाचणारं न्यूरल नेटवर्कचं यंत्र तयार होत होतं. त्याला शिकवायला जुन्या चित्रांवर जाणत्या माणसाने हृदयाच्या आतल्या भिंतीची रेघ काढून द्यावी लागते, एकदा फुगलेल्या हृदयाची, एकदा आकसलेल्याची. फरकावरून हृदयाची ताकद कळते. चित्रांवरची नावं आम्ही काटेकोरपणे पुसायचो. आतोबांपुढे त्याचा काडीचा उपयोग नव्हता. धोतरासारखी वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडून, फिल्टर कापीचा टंबलर माझ्या कागदांवर ठेवून ते रेघ ओढता ओढता त्या त्या हृदयाची ख्यालीखुशाली विचारत. अंधुक चित्रावर अंदाजाने रेघ मारायला मात्र साफ नकार. मी जाम वैतागायचो.

शेवटी यंत्राच्या रेघा त्यांच्या रेघांशी ताडून पाहिल्या. बहुतेक ठिकाणी एकमत. एका चित्रात मात्र यंत्राच्या मते हृदय नीट आकसतच नव्हतं, आणि आतोबांची रेघ चांगली आत, म्हणजे हृदय ठणठणीत. यंत्राची फजिती झाली म्हणून मी हसत ते चित्र त्यांना दाखवलं.

"तुझी आत्या आहे ती," ते म्हणाले.

आत्या हृदयाच्याच दुखण्याने जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचा एको त्यांनीच केला होता, काही झालं नाही असं तिला सांगितलंही त्यांनीच, आणि त्या भरवशावर ती दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेली नाही. आता यंत्रासाठी रेघ काढताना, नाव नसलेल्या चित्रात ती ओळखूनही, त्यांचा हात पुन्हा तसाच आत वळला होता. राहू द्या, हजारांत एकाने काय बिघडतं, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"नको. ती रेघ पूस. उद्या कोणाची तरी बायको तुझ्या यंत्रापुढे निजेल."

मग मला थांबवून त्यांनी स्वतःच माउस घेतला आणि भिंत जिथे होती तिथे सावकाश नवी रेघ ओढली.

आज आतोबा नाहीत. यंत्र रोज चालतं. कुणी बाई कुशीवर निजून तपासून घेताना दिसली की आतोबांनी सावकाश ओढलेली ती नवी रेघ आठवते, आणि दवाखान्याच्या गर्दीतही मला पोरकं वाटतं.