आत असेल त्याच्या खिशात

त्याला सगळे हाळी म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच सुखात होतं.

राष्ट्रीय संशोधनशाळेच्या जमिनीखाली एक भलामोठा गोल बोगदा होता. त्यात चुंबकांच्या रांगेतून अणूहूनही बारीक कण पळवत आणि एकमेकांवर आपटत. कण पळत असताना आत माणूस राहिला तर त्याचं काय होईल, यावर एक जाड पुस्तिका होती. ती शेवटपर्यंत वाचायची गरज कोणाला पडत नसे. म्हणून यंत्र सुरू करण्याआधी बोगद्यातून चालत जायचं आणि आत कोणी राहिलेलं नाही याची खात्री करायची. याला झडती म्हणत. झडती घेणाऱ्याने मोठ्याने हाक मारावी असा नियम होता, आणि हा गडी नियम पाळायचा. "आहे का कोणीऽऽ?" अशी हाळी द्यायचा की चुंबकांवरची धूळ उडावी. बायको म्हणे, "तिकडे घसा फोडता, आणि घरात विचारलं तर मान हलवता."

शास्त्रज्ञ त्या यंत्रात असा एक कण शोधत होते जो आजवर कोणाला दिसला नव्हता. तो सापडत नव्हता, आणि न सापडल्याचे निबंध जगभर छापून येत. हाळीलाही आत कधी कोणी सापडलं नव्हतं. त्याच्याकडे निबंध कोणी मागितला नाही.

झडती दोघांनी घ्यायची असते. दुसरा मुकादम. हेही टोपणनावच, त्याच्या हाताखाली हाळीखेरीज कोणी नव्हतं, पण पाठीमागे हात बांधून तो असा चालायचा की बोगदा त्यानेच खणून घेतला असावा. हाळी नवीन असताना मुकादमाने त्याला पहिल्या दिवशी दाराशी उभं केलं होतं. दाराशेजारी खिळ्यांचा फळा, प्रत्येक खिळ्याला एक किल्ली.

"हे बघ गड्या. आत जाणाऱ्याने यातली एक किल्ली काढायची, वरच्या खिशात घालायची, बटण लावायचं. एक जरी किल्ली फळ्यावर नसली, तर वरचे सगळे साहेब मिळून ढकलायला लागले तरी यंत्र सुरू होत नाही. म्हणजे ही किल्ली कोण?"

"कोण?"

"तुझा जीव. आत असेल त्याच्या खिशात त्याचा जीव. तो कोणाच्या हातात द्यायचा नाही."

"बायकोच्या दिलाय, मुकादम."

"मग दुसरा शिल्लक आहे तो सांभाळ."

त्यानंतर दोघांनी मिळून इतक्या फेऱ्या मारल्या की बोलायचं काही उरलं नाही, आणि त्यामुळे छान जमायचं. मुकादम भिंतीच्या बाजूने, हाळी चुंबकांच्या बाजूने. ठरावीक जागी भिंतीतलं बटण दाबायचं, कोनाडे बघायचे, हाक मारायची, थांबायचं. उत्तर येत नाही म्हणून समाधानाने पुढे जायचं. असं काम जगात फार नसेल.

मुकादमाचं विसरणं आधी विनोद म्हणूनच आलं. चहा पिऊन झाल्यावर तो म्हणायचा, "आज चहा आला नाही वाटतं." सगळे हसायचे, तोही हसायचा. मग एका सकाळी फळ्यावरचा एक खिळा रिकामा दिसला.

किल्ली नाही म्हणजे आत माणूस आहे. बोगद्याची पुन्हा झडती झाली, मग आणखी एकदा. लांबलांबच्या देशांतून आलेले शास्त्रज्ञ व्हरांड्यात घड्याळं बघत उभे राहिले. पाळीप्रमुख बाई, म्हणजे त्या दिवशी यंत्र जिच्या ताब्यात होतं ती, शांतपणे म्हणाली, "मुकादम रजेवर आहेत. एकदा त्यांच्या घरी बघून या." हाळी गेला, तर मुकादम घरी बनियनवर बसून शेंगा सोलत होता. किल्ली मुकादमाच्या बायकोला, वहिनींना, धुण्याच्या बादलीत, काल घातलेल्या शर्टाच्या खिशात सापडली. खिशाचं बटण मात्र नीट लावलेलं होतं.

वहिनी फाटकापर्यंत आल्या. किल्ली लगेच दिली नाही.

"भावजी, हे मला विचारतात, तुम्ही कोणाकडे आलात म्हणून. माझ्याच स्वयंपाकघरात."

हाळी फाटकाची कडी खालीवर करत राहिला.

"पण कामाचा शर्ट चढवला की सगळं येतं. कुठून चालायचं, कुठलं बटण, सगळं. तेवढंच उरलंय हो. ते काढून घेतलं तर मी घरात कोणाबरोबर राहायचं? निवृत्तीपर्यंत सांभाळून घ्या. तुम्ही असता ना बरोबर?"

"असतो," हाळी म्हणाला. जन्मभर मोठ्याने हाका मारणाऱ्या माणसाच्या तोंडून हा शब्द हळूच निघाला.

बाईला त्याने सांगितलं की शर्ट बदलण्याच्या घाईत किल्ली राहिली. बाई म्हणाली, "होतं असं." तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर ओरडलं असतं, आणि ते बरं झालं असतं.

किल्ली पुन्हा हरवली तर चौकशी होणार, हे उघड होतं. म्हणून हाळीने तोडगा काढला. दाराशी दोन किल्ल्या काढायच्या, दोन्ही आपल्या खिशात घालायच्या. बाहेर आलं की दोन्ही लावून टाकायच्या. मुकादमाने पहिल्या वेळी हात पुढे केला होता. हाळी म्हणाला, "माझ्याकडे आहे, चला." मुकादम जरा वेळ मोकळ्या हाताकडे बघत राहिला, आणि मग चालू लागला.

हे घरी बायकोच्या कानावर गेलं. ती भांडी आवरत होती, ती खाली ठेवली.

"सांगून टाका बाईंना."

"त्यांनी मला काम शिकवलंय."

"मग त्यांनी शिकवलेलं तरी मोडू नका."

बायकोचं बरोबर असलं की हाळी झोपी जात असे. तो झोपला.

पुढे बरेच दिवस सुरळीत गेले, आणि सुरळीत गेलेल्या दिवसांनी त्याला वाटू लागलं की आपण काहीतरी चांगलं करतो आहोत. मुकादम आता वळणांवर रेंगाळायचा, म्हणून हाळी पुढे चालायचा आणि मागच्या पावलांकडे कान ठेवायचा. बोगद्यात एकट्याची पावलं दोघांसारखी वाजतात. ही गोष्ट त्याला ठाऊक होती. इतक्या वर्षांत तिचा कधी उपयोग पडला नव्हता.

त्या दिवशी दुपारी यंत्र दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू व्हायचं होतं. शेवटचं बटण दाबून हाळी बाहेर आला. दोन किल्ल्या एका हातात कोणी बघू नयेत म्हणून त्याने त्या घाईने फळ्यावर लावल्या, दार ओढून घेतलं आणि फोन उचलला.

"झडती झाली. बोगदा रिकामा."

"रिकामा," पलीकडून बाईने नेहमीप्रमाणे तोच शब्द परत म्हटला.

फोन ठेवून तो वळला. बाकावर मुकादम नव्हता. मोरीकडे गेला असेल असं म्हणून हाळीने आपलं हेल्मेट खुंटीला लावलं. शेजारची मुकादमाची खुंटी रिकामी होती.

मोरीत हेल्मेट घालून कोणी जात नाही.

तेवढ्यात यंत्र सुरू होण्याआधीचा इशाऱ्याचा भोंगा वाजू लागला. आतले दिवे उघडझाप करू लागले की आत राहिलेल्या माणसाने भिंतीवरचं लाल बटण दाबायचं, एवढं तिथल्या झाडूवाल्यालाही माहीत असतं. हाळीने फळ्याकडे पाहिलं. फळा पूर्ण भरलेला होता. एकही खिळा रिकामा नाही. आत कोणी नाही असं तो सांगत होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं; त्याला हाळीनेच तसं सांगितलं होतं.

दाराबाहेरच्या लाल बटणावर त्याने दोन्ही हातांनी वजन टाकलं. भोंगा मध्येच तुटला. वर कुठेतरी पंप उतरत्या सुरात बंद पडत गेले.

बाई धावत खाली आली. दोघांनी किल्ल्या घेतल्या, प्रत्येकाने आपापली, आणि आत शिरले. हाळीने हाक मारली. आवाज फाटला.

"आहे का कोणी?"

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा उत्तर आलं.

"आहे ना. ओरडतोस कशाला?"

मुकादम वळणावरच्या कोनाड्यात केबलच्या रिळावर बसला होता, पाठीमागे हात बांधून. त्याच्या डोक्यावर, हात उंचावला की पोचेल इतक्यावर, लाल बटण होतं. बाईने त्याला विचारलं, "भोंगा ऐकू आला नाही?" तो म्हणाला, "आला की. पण माझ्याकडे किल्ली नाही. मला वाटलं, मी आत नाहीच."

बाईने भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले.

चौकशी तीन माणसांची होती. त्यांनी हाळीला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी दिलं, तेव्हाच आपली धडगत नाही हे त्याने ओळखलं. "दुसऱ्याची किल्ली तुमच्या खिशात कशी?" या प्रश्नाला बरीच उत्तरं देता आली असती. मुकादमाने स्वतःच दिली म्हटलं असतं तरी चाललं असतं. मुकादमाला आठवणार नव्हतं. हाळी म्हणाला, "त्यांच्याकडे राहत नव्हती. कशी राहील, त्यांच्या लक्षातच काही राहत नाही. मला माहीत होतं."

मुकादमाला घरी बसवलं. निरोपाला मोठा हार आणला होता, आणि तो कोणाच्या गळ्यात घालायचा हे मुकादम शेवटपर्यंत शोधत होता. हाळीची बदली केबलच्या गोदामात झाली, तिथे ओरडायचं कारण नव्हतं. शास्त्रज्ञांचा तो कण अजून सापडलेला नाही.

मुकादमाच्या घरी जायला हाळीला धीर व्हायला बरेच महिने लागले. दाराला बाहेरून कुलूप होतं. तो परत फिरणार इतक्यात वहिनी पिशवी घेऊन आतून खिडकीशी आल्या, गजांतून हात काढून कुलूप उघडलं.

"मीच घालते आतून हात काढून. नाहीतर निघून जातात. परवा बाजारापलीकडे सापडले, भिंती चाचपत."

मुकादम खुर्चीत बसला होता. अंगात कामाचा शर्ट होता. त्याने हाळीकडे नुकत्याच आलेल्या मीटरवाल्याकडे बघावं तसं पाहिलं.

"वहिनी, मी—"

"राहू द्या भावजी. तुम्ही सांगितलंत म्हणून राग नाही. आधी का नाही सांगितलंत, म्हणून आहे. आणि तो तुमच्यावर काढू तरी कसा, मीच तर सांगू नका म्हटलं होतं." त्यांनी पदराला हात पुसला. "आलाच आहात तर जरा बसा यांच्याजवळ. औषधं आणून येते. बाहेरून लावून घेते, ही दुसरी किल्ली तुमच्याकडे ठेवा."

त्यांनी किल्ली पुढे धरली. हाळीचा हात वर आला नाही.

"माझ्याकडे नको."

"एवढंही होत नाही का हो तुमच्याकडून?"

तो एक पाऊल मागे सरकला. तेवढ्यात खुर्चीतून एक हात पुढे आला, तळवा वर करून.

"माझी आहे ती," मुकादम म्हणाला.

वहिनींनी हाळीकडे पाहिलं, आणि किल्ली त्या तळव्यावर ठेवली. मुकादमाने ती वरच्या खिशात घातली, बटण लावलं, आणि लागलं ना, हे वरून दोनदा चाचपून पाहिलं. मग पाठीमागे हात बांधायला गेला. खुर्ची आड आली, तेव्हा ते मांडीवर ठेवले.

"आता ती मागून घेणार कशी? गजांतून हात काढून उघडतील आणि निघून जातील," वहिनी हळूच म्हणाल्या.

"मागायची नसते," हाळी म्हणाला.

वहिनींनी पिशवी खाली ठेवली. दुकान बंद व्हायची वेळ होत आली होती. पण किल्ली आत असलेल्या माणसाच्या खिशात होती, तोवर काही सुरू करता येत नव्हतं. तिघंही बसून राहिले.